पत्र्याचा टाका

वेल्डर निवडणे हे जावई निवडण्यापेक्षा अवघड, असे आमचे आप्पा म्हणाले. आप्पांचे दोन्ही जावई तेव्हा समोरच पोहे खात बसले होते, एवढे नमूद करून पुढे जातो.

आप्पा हे माझे थोरले मेहुणे. निवृत्तीनंतर दादर सोडून त्यांनी जव्हारजवळ शिरपामाळाच्या बाजूला घर बांधले. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजीमहाराजांचा मुक्काम या माळावर पडला होता आणि जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांच्या मस्तकी मानाचा शिरपेच खोवला, म्हणून हे नाव, असे इकडे सांगतात. अशा जागी आप्पांनी नेले काय, तर वडिलांची १९६८ सालची फियाट ११००! कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. याच वंशातली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली. तेव्हापासून आप्पांना जुन्या गाडीचा जास्तच पुळका आला.

गाडी वरून नटलेली, खालून मात्र चाळण. जव्हारच्या पावसाने तळाचा पत्रा खाल्ला होता. दाराखालच्या पेटीत स्क्रू-ड्रायव्हर टोचला की मुठीपर्यंत आत. आता ट्रकला जशी वेगळी सांगाडा-चासी असते, तशी या गाडीला नाही. तळ आणि दाराखालच्या पेट्या हाच तिचा कणा. मागच्या सीटवर नातू बसणार, म्हणजे हा रंगरंगोटीचा प्रश्न राहिला नाही.

धाकट्या जावयांनी खिडक्यांच्या जाळ्या करणारा कारागीर सुचवला. माणूस कामसू, शंकाच नाही. पण त्याचे ते कांडीचे आर्क वेल्डिंग. गजाला गज जोडायला उत्तम, मोटारीचा पत्रा मात्र एक मिलिमीटरच्याही आत-बाहेर असतो. कांडी टेकली की जोड होण्याआधी भोक पडते, मग भोक बुजवताना दुसरे मोठे भोक. शिवाय तो म्हणाला, "साहेब, खालून दोन चौकोनी पाइप मारून देतो, शंभर वर्षं हलणार नाही." हे ऐकून मी कान टवकारले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले, त्यांत चासी वा बॉडीत फेरफार केलेली गाडी बसत नाही. व्हीए मालिकेचा नंबर हवा असेल, तर सडलेला तुकडा कापून त्याच आकाराचा तुकडा बसवायचा. पाइप नाही. या नंबरावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, असे मी सांगताच वहिनी म्हणाल्या, "म्हणजे भावोजी, भाजीला मी एस.टी.नेच जायचं ना?"

थोरल्या जावयांचे म्हणणे, मशीनच विकत घेऊ. दुकानदार दोनशे अँपिअर, अडीचशे अँपिअर असे आकडे फेकतो. मंडळी, ते ऐकू नका. मोटारीच्या पत्र्याला पन्नासाच्या आसपास अँपिअर पुरतात. मशीन किती वर चढते हे विचारण्यापेक्षा किती खाली उतरते आणि तिथे स्थिर राहते का, ते विचारा. संध्याकाळी गावची वीज मंदावते तेव्हाचेही विचारा. जुने डेंटर गॅसने जोडत. हात कसलेला असेल तर काम देखणे होते, पण उष्णता पसरते आणि सपाट पत्रा पापडासारखा फुगतो. टिगचा जोड सर्वांत सुबक, पण त्याला पत्रा आरशासारखा स्वच्छ लागतो. पन्नास पावसाळे पाहिलेल्या गाडीत तो आणणार कुठून? राहिले मिग. रिळावरची ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार, वर आर्गॉन आणि कार्बन डाय-ऑक्साइडचे मिश्रण. घरच्या कामाला हेच. सिलिंडर भरून आणायला घाट उतरावा लागेल, हा खर्च आधीच धरावा. बिनगॅसची तारही मिळते. उघड्यावरच्या वाऱ्यात ती बरी, पण ठिणग्या फार, पत्राही तापतो फार, आणि ती लावताना बहुधा मशीनवरची धन-ऋण टोके उलटी जोडावी लागतात.

शेवटी माझे मत असे पडले, की तळ आणि पेट्या मिग असलेल्या अनुभवी डेंटरने जोडाव्यात. आप्पांनी हौस भागवायची ती बॅटरीच्या तबकडीवर. माणूस पारखायलाही युक्ती आहे. त्याच जाडीचे दोन तुकडे द्या, जोडायला सांगा. मग शिकंज्यात धरून वाकवा. जोडाशी सुटला तर चहा पाजून निरोप द्यावा. मागची बाजू पाहा, जोड आरपार उतरलाय का. आणि तो सुरुवात कुठून करतो, हे बघा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ रेघ ओढू लागला तर पत्रा पिळवटणार. इथे एक टाका, वीतभर पलीकडे दुसरा, मधे थंड होऊ द्यायचे. गोधडी शिवण्याआधी बायका कच्चे टाके घालतात तसे.

तिसरा माणूस या कसोटीला उतरला. आल्या आल्या त्याने बॅटरी सोडली, पेट्रोलची टाकी काढून अंगणापार नेली, सीट नि गालिचे बाहेर काढले, गाडी चारी बाजूंनी नीट टेकवली. एका वेळी एकच पेटी कापली, तीही दारे लावून, नाहीतर गाडी मधे बसते नि दारे पुन्हा लागत नाहीत. काम संपले की अर्धा तास पाण्याची बादली घेऊन नुसता बसे. धाकट्या जावयांना ते बसणे मजुरीत धरलेले रुचले नाही. वहिनींनी मात्र त्या अर्ध्या तासाला रोज चहा पाठवला.

जोडांवर जस्ताचा हात, फटींत सीलर, पेट्यांच्या आत मेणाचा फवारा. मग वहिनींनी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि दाराखाली जागोजाग टोचून पाहिले. कुठे शिरला नाही. आप्पांचे तबकडीवरचे जोड मात्र त्यांनी मुद्दाम टोचले नाहीत.