लठ्ठपणाचे औषध : कुचेष्टा पुरे, मागणी करा

सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांत लठ्ठपणाचा विषय निघाला की एक ठरीव विनोद होतो : ‘खाऊन माजलेल्यांचा हा रोग, त्यांना ऊसतोडीला धाडा, आपोआप वाळतील.’ 2025 च्या मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरविणारी इंजेक्शने भारतीय बाजारात आली, तेव्हाही श्रीमंतांचे चोचले म्हणून विषय निकालात निघाला. समाजवाद्याच्या तोंडी हा विनोद शोभत नाही. तो अज्ञानाचा आहे आणि औषध कंपन्यांच्या सोयीचाही आहे. जे औषध गरिबाला नकोच, त्याच्या किमतीबद्दल ओरड कोण करणार?

वस्तुस्थिती काय आहे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 24 टक्के स्त्रिया वाजवीपेक्षा अधिक वजनाच्या आहेत आणि 18.7 टक्के स्त्रिया कृश आहेत. भूक आणि मेद एकाच गावात, पुष्कळदा एकाच घरात नांदतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील अर्भके इंग्लंडमधील अर्भकांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, परंतु त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने टिकून होती. आईची उपासमार बाळाच्या देहात अशी साठवली जाते आणि पुढे मधुमेहाच्या रूपाने वसूल होते. 1972 च्या दुष्काळात माण-खटाव, जत-आटपाडीकडे ज्यांच्या आया अर्धपोटी खडी फोडीत होत्या, ती मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या वाढत्या पोटाला माज म्हणावयाचे काय?

मनाचेही तेच. उदास असताना, पोट भरलेले असूनही, ताबा सुटून खात राहणे हा 2013 पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात स्वतंत्र विकार म्हणून नोंदला गेला आहे. आपल्याकडे रात्री सारे निजल्यावर डब्यात हात घालणारी सून ‘अधाशी’ ठरते. तिला डॉक्टरकडे नेण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

या औषधांचा गुण खरा आहे. आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांची नक्कल करून ती भूक शमवितात. सेमाग्लुटाइडच्या 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरले. नुसत्या सल्ल्यावर व बिनऔषधी सुईवर 2.4 टक्केच. मात्र औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. भाबडेपणाही नको. फेनफ्लुरामीनने हृदयाच्या झडपा बिघडविल्या आणि 1997 साली ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. रिमोनाबंटने रुग्णांना नैराश्यात व आत्महत्येच्या विचारांत लोटले, म्हणून 2008 साली युरोपात त्याची विक्री थांबविण्यात आली. सिब्युट्रामीनवर भारताने 2011 साली बंदी घातली. प्रत्येक वेळी ही औषधे आधी खपली आणि इजा नंतर मोजली गेली. साहजिकच अशा औषधाला डॉक्टरांची देखरेख हवी, आणि ती दीर्घकाळ हवी. सौंदर्यकेंद्राच्या फळीवर त्याची जागा नाही.

आता भावाचे पाहू. नोव्हेंबर 2025 मधील कपातीनंतरही वेगोव्हीच्या सर्वांत लहान मात्रेला महिन्याला 10,850 रुपये पडत होते. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे एका महिन्याच्या औषधासाठी पस्तीस दिवस राबावयाचे, आणि महिना तर तीस दिवसांचा! इकडे अमेरिकेतील संशोधकांनी 2024 साली हिशेब मांडला की मधुमेहासाठीचे सेमाग्लुटाइड नफा धरूनही महिन्याला सुमारे 1 ते 5 डॉलरांत देता येईल. मधली तफावत पेटंटची. 1970 च्या कायद्यात औषधाच्या वस्तूला पेटंट नव्हते, केवळ प्रक्रियेला होते. 2005 साली जागतिक व्यापार संघटनेपुढे मान तुकवून आपण ते सोडले. (त्या वेळी इशारे देणाऱ्यांना ‘जुनाट’ म्हटले गेले होते.)

मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत संपली. आता देशी कंपन्या स्पर्धा करतील, भाव उतरतील, झाले! असे मानणारे बाजारावर फार विश्वास टाकतात. भाव उतरला तरी औषध खाजगी दुकानात राहील आणि त्यासोबतची तपासणी खाजगी दवाखान्यात. जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्याची. वर्षानुवर्षे दर आठवड्याला सुई घेणाऱ्याला तिचा आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2025 मध्ये ही औषधे, मधुमेहासोबत हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार आणि लठ्ठपणा असलेल्यांसाठी, आवश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्या राष्ट्रीय यादीत ती घालून किमतीवर कमाल मर्यादा बसविणे हे सरकारचे काम आहे. पिंपरीला 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने देशाला पेनिसिलिन दिले. 2016 साली केंद्राने त्या कारखान्याच्या जमिनी विकण्याचा व तो खाजगी हाती देण्याचा निर्णय घेतला. हे औषध तेथे का बनू नये?

सातारा आणि मिरज-सांगली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे मेद, मधुमेह आणि मानसोपचार यांचा एकत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू करावा, गरजूला हे इंजेक्शन विनामूल्य मिळावे, आणि शाळांच्या दारातील गोड पेयांच्या जाहिराती उतरवाव्यात. दोन्ही जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी या तीन मागण्यांची निवेदने जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यावीत. ती नेताना आपल्याच सभासदांपैकी जाडजूड बाई-बाप्यांना पुढे करावे, आणि त्यांच्याकडे पाहून कोणी हसले तर त्याला तेथेच थांबवावे.