चेतापेशी म्हणजे वायर नव्हे!



चेतापेशीचा पाठ आपण सगळेच शिकवतो. फळ्यावर आकृती काढायची, नावं द्यायची आणि म्हणायचं, "ही शरीरातली वायर." मीही वर्षानुवर्षं हेच केलं. एकदा एका मुलाने विचारलं, "सर, आपण उंच होतो तशी ही वायर लांब कशी होते?" खडू हातातच राहिला.

माझं मत आहे की वायरची उपमा आता सोडावी. वायर कारखान्यातून तयार येते, चेतातंतू मात्र वाढतो. वाढायचं तर नवं पेशीपटल हवं, आणि पटलाचा पाया म्हणजे फॉस्फोलिपिड या मेदांचा दुहेरी थर.

मुलांना हे गोष्टीतून सांगा. 1938 साली इटलीत ज्यूविरोधी कायदे आले आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना विद्यापीठाची दारं बंद झाली. त्यांनी तुरिनमधल्या घरी, झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणांवर काम चालू ठेवलं. युद्धानंतर अमेरिकेत त्यांना चेतातंतू वाढवणारा घटक सापडला, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. स्टॅनली कोहेन यांच्यासह त्यांना 1986 चं नोबेल मिळालं.

हे प्रथिन करतं काय? ते पेशीपटलावरच्या ग्राहीला बाहेरून चिकटतं. मग आत एक विकर पटलातल्याच एका फॉस्फोलिपिडचे दोन तुकडे करतं आणि ते तुकडे पेशीत निरोप पोचवतात. तंतू वाढू लागतो, तसं फॉस्फॅटिडिलकोलिन हे मेदद्रव्य नव्या पटलासाठी लागतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींत तंतूच्या टोकाकडे त्याची निर्मिती रोखली, तेव्हा तंतूची वाढ खुंटली. म्हणजे मेद इथे वीटही आहे आणि निरोप्याही!

पालकहो, म्हणूनच "मेंदू मेदाचा असतो, हे टॉनिक द्या" असं कुणी म्हटलं तर जरा थांबा. दारात विटांचा ढीग ओतला म्हणून घर उभं राहत नाही. कुठे, केव्हा, किती बांधायचं हे पेशी निरोप ऐकून ठरवते. मुलाला रोजचं चौरस जेवण द्या, पुरेशी झोप द्या. बाटलीत बुद्धी मिळत नाही.

आणि शिक्षकांनो, पुढच्या वेळी आकृती काढाल तेव्हा तंतूचं टोक वाढतं दाखवा. "याला डोकंच नाही" हा शेरा ऐकलेल्या मुलालाही कळू द्या, की त्याच्या आतलं काहीच वायरीसारखं कायमचं ठोकून बसवलेलं नाही.