औषधाची पारख जिल्ह्यातच व्हावी

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयाला पुरवलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट असल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये उघड झाले आणि पुरवठादारांवर गुन्हा दाखल झाला. ही घटना बीड जिल्ह्यातील खरी. पण शेजारच्या धाराशिवला तिची झळ लागल्यावाचून कशी राहील? कळंब तालुक्यातील कित्येक रुग्ण उपचारासाठी अंबाजोगाईचीच वाट धरतात.

औषधाच्या परीक्षेची कायद्यात तरतूद नाही, असे नव्हे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे निरीक्षक नमुना शासकीय विश्लेषकाकडे धाडतो. कलम २६ अन्वये शुल्क भरून सामान्य ग्राहकालाही तो अधिकार आहे. उणीव आहे ती वेळेची. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ साली घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या नमुन्यात मूळ औषधच नसल्याचा निर्वाळा मिळण्यास अनेक महिने लागले. अहवाल येईपर्यंत साठा वाटून संपत असेल, तर त्या अहवालाने गुन्हेगारास शासन होईल. रुग्णाचे रक्षण मात्र होणार नाही.

येथे विद्युत्-रसायनशास्त्र उपयोगी पडू शकते. यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी १९२२ साली प्राग येथे या मापनपद्धतीचा पाया घातला. १९५९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अमॉक्सिसिलीनच्या कॅप्सूलचे उदाहरण घ्यावे. आतील भुकटी तोलून योग्य आम्लतेच्या द्रावणात विरघळवतात, त्यात कार्बनचा विद्युदग्र बुडवतात आणि विद्युतदाब क्रमाक्रमाने वाढवतात. ठरावीक दाबाला औषधाचे रेणू इलेक्ट्रॉन गमावतात आणि प्रवाहाच्या आलेखावर शिखर उमटते. शिखराच्या स्थानावरून औषधाची ओळख पटण्यास मदत होते, तर उंचीवरून त्याचे प्रमाण कळते. शुद्ध औषधाच्या ज्ञात द्रावणाशी तुलना केली की मिलिग्रॅमचा हिशेब लागतो. स्टार्च वा शंखजिरे भरलेली कॅप्सूल असे शिखर दाखवीत नाही. क्रोमॅटोग्राफीच्या महागड्या यंत्राऐवजी येथे हातात मावणारे, बॅटरीवर चालणारे उपकरणही पुरते.

अर्थात ही पद्धत म्हणजे रामबाण उपाय नव्हे. प्रत्येक औषधासाठी स्वतंत्र प्रमाणीकरण करावे लागते. सर्वच औषधे अशी शिखरे देत नाहीत. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधील विषारी भेसळीने १४ रुग्णांचे बळी घेतले. तसली भेसळ या मार्गाने सहजी सापडली नसती. शिवाय न्यायालयात मान्यता शासकीय विश्लेषकाच्या अहवालालाच राहील, आणि ते योग्यच आहे. परंतु संशयित साठा कोणता, कोणता नमुना तातडीने पुढे पाठवावा आणि तोवर कोणते वाटप थांबवावे, एवढे ठरविण्यास ही प्राथमिक चाचणी पुरेशी आहे.

धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्यापीठाचे उपपरिसर आहे. रसायनशास्त्र शिकविणारी महाविद्यालये आहेत. तेथील अध्यापक आणि विद्यार्थी यांना औषध प्रशासनाच्या देखरेखीखाली हे काम शिकविता येईल. प्रात्यक्षिकाच्या वहीत दरवर्षी त्याच त्या द्रावणांची नोंद करण्यापेक्षा, आपल्याच गावच्या रुग्णालयातील कॅप्सूलमध्ये औषध आहे की नाही याचा शोध घेणे हे शिक्षण अधिक सार्थ ठरेल. केसपेपर काढून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला वेष्टनावरील अक्षरांखेरीज दुसरा आधार नसतो. ती अक्षरे खरी आहेत, याची खातरजमा त्याने गोळी गिळण्यापूर्वी झाली पाहिजे.