भिंतीवरील तसबिरी

कोणत्याहि जुन्या विद्यालयाच्या सभागृहांत पाऊल टाकलें कीं भिंतीवरील तसबिरी प्रथम नजरेस पडतात. संस्थापक, देणगीदार, प्राचार्य अशा क्रमानें टांगलेले ते चेहरे बहुधा पुरुषांचेच असतात. अधिकार कोणास शोभतो, ह्याचा धडा त्या तसबिरी विद्यार्थ्यांस मुकाट्यानें देत असतात. हा धडा खोडून काढणाऱ्या एका चित्राची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहराजवळ ब्रिन मॉर हें स्त्रियांचें महाविद्यालय १८८५ सालीं सुरू झालें. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी तेव्हां त्याच शहरांत वैद्यकाचें शिक्षण घेत होत्या. केरी थॉमस ह्या विदुषींनीं १८८२ सालीं झुरिच विद्यापीठाची डॉक्टरेट सर्वोच्च सन्मानानें मिळविली होती. नव्या महाविद्यालयाचें अध्यक्षपद आपणांस द्यावें, असें त्यांनीं विश्वस्तांस स्वतः लिहून कळविलें. विश्वस्तांनीं आपल्यांतीलच एका गृहस्थांस अध्यक्ष केलें व बाईंस डीनची जागा दिली. अध्यक्षपद हातीं येण्यास १८९४ साल उजाडलें, आणि तेंहि जेमतेम बहुमतानें. थॉमसबाई अध्यक्ष झाल्यास आपण दरसाल १०,००० डॉलर देऊं, असें मेरी गॅरेट ह्या त्यांच्या धनाढ्य मैत्रिणीनें कळविलें होतें! विद्वत्तेच्या पारड्यांत थैलीहि टाकावी लागली, हें विसरतां येत नाहीं.

पुढें १८९९ सालीं आजीमाजी विद्यार्थिनींनीं जॉन सिंगर सार्जंट ह्या नामांकित चित्रकाराकडून बाईंचें तैलचित्र करवून घेतलें. सार्जंटची ख्याति रेशमा-मोत्यांनीं नटलेल्या श्रीमंत स्त्रियांच्या चित्रांबद्दल होती. येथें मात्र ना दागिना, ना फूल. काळोख्या पार्श्वभूमीवर काळा विद्यापीठीय झगा, त्यावर निळ्या रंगाची झांक, आणि पाहणाऱ्यावर स्थिरावलेली दृष्टि. अमुकाची पत्नी वा कन्या अशी ओळख ह्या चित्रास लागत नाहीं. पदाची धनीण स्वतःच्या आसनावर बसली आहे, इतकेंच दिसतें.

चित्र कितीहि प्रभावी असलें, तरी बाईंची दुसरी बाजू झांकूं नये. त्यांनीं कृष्णवर्णीय मुलींचा प्रवेश टाळला, ज्यू अध्यापकांच्या नेमणुकीस विरोध केला. म्हणूनच २०१८ सालीं महाविद्यालयानें ग्रंथालयाच्या इमारतीस त्यांच्या नांवानें न संबोधण्याचें ठरविलें. स्वतःसाठीं उघडून घेतलेलें दार मागून येणाऱ्यावर लोटून घेण्याचा मोह थोरांसहि आवरत नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्या कुटुंबांतून मुख्याध्यापिका, प्राध्यापिका, प्राचार्या झालेल्या स्त्रिया कांहीं थोड्या नाहींत. पण भिंतीवर आजोबा पगडी-उपरण्यांत पुस्तकासह विराजमान, आणि विदुषी आत्याबाईंचें चित्र मात्र लग्नांतील शालूचें! येत्या दिवाळीच्या झाडलोटींत तसबिरी खालीं उतरतील, तेव्हां पुन्हां टांगण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं जुन्या पेट्या एकदां धुंडाळाव्या. शाळेच्या टेबलामागें बसलेल्या आत्याबाईंचें छायाचित्र सांपडलें, तर त्यास चौकट करून आजोबांच्या शेजारीं जागा द्यावी. घरांतील लेकीसुना रोज त्याखालून ये-जा करतात.