कारखान्याकडे मागायचे काय?

शाळा कारखान्याच्या दारात जाते ती बहुधा देणगीचा अर्ज घेऊन. मागण्याही ठरलेल्या: प्रोजेक्टर, संगणक, प्रयोगशाळेचे कपाट. मात्र २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सीएसआरचे (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचे) बंधन किमान ५०० कोटींचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांनाच आहे. सोलापुरातले बहुतेक यंत्रमाग कारखानदार त्यात बसत नाहीत. त्यांच्याकडे सीएसआर निधी नसला, तरी शिकवण्याजोगे विज्ञान भरपूर आहे.

चादरीचा जॅकार्ड माग घ्या. जुन्या धाटणीच्या मागावर भोके पाडलेल्या कार्डांची माळ फिरते. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. नसेल तिथे तो खालीच राहतो. ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्यावर अख्खी नक्षी उतरते. द्विमान पद्धत समजावायला आणखी काय हवे? मोठ्या कारखान्यांतही असेच धडे आहेत. सोलापुरातल्याच प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारख्या कंपन्या ओतीव लोखंडाचे कॅमशाफ्ट बनवतात. त्यात झटकन थंड केलेला भाग कठीण होतो. असा रद्दी तुकडा तोडला, तर तुटलेला पृष्ठभाग कडेला पांढरट आणि आत करडा दिसतो. तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीला बालाजी अमाइन्स मिथेनॉल आणि अमोनियापासून मिथिल अमाइन बनवते. दहावीच्या तक्त्यातला क्रियात्मक गट शेजारीच टनावारी तयार होतो आहे!

कामातून शिकण्याचे उदाहरण आपल्याकडे आहेच. हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम उभा केला. हाताने काम करता करता शिकायचे, ही त्यांची धारणा. त्यांच्या अभ्यासक्रमात गावातले कारागीरच निदेशक झाले. म्हणजे हा रस्ता महाराष्ट्राला नवा नाही.

तेव्हा मागणी बदलूया. कारखान्याकडे फोरमनचा एक तास, रद्दी माल आणि न सुटलेली एखादी अडचण मागा. आधी शिक्षकाने एकट्याने जाऊन यावे, धडा पक्का करावा, मग वीसेक मुलांना न्यावे. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही. म्हणून प्रश्न शाळेतच लिहून न्यावेत. मुलांना यंत्राला हात लावू देऊ नये आणि ‘अनुभवा’च्या नावाखाली कामालाही जुंपू नये. भेटीचा फोटो शाळेच्या फलकावर लागेलच. पण पुढच्या चाचणीत त्या भेटीवरचा एक तरी प्रश्न हवा. तो नसेल, तर ती नुसती सहल झाली.