वरच्या दोन ओळी

निवृत्तीनंतर पुतण्याने मला पर्ल ही संगणकाची भाषा शिकवली. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या माणसाला या वयात हे उद्योग कशाला, असे घरचे विचारतात. असो.

गेल्या वर्षी एका संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी मुलांच्या गुणांची बेरीज करणारी चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट मी लिहिली. बेरीज ठेवायच्या चलाचे नाव 'एकूण', पण रोमन लिपीत. सगळीकडे त्यात एक यू लिहिला. प्रात्यक्षिकाचे गुण मिळवताना मात्र हातून दोन ओ पडले. पर्लने हूं की चूं केले नाही. त्या नव्या नावाचे नवे खाते निमूटपणे उघडले आणि प्रात्यक्षिकाचे सगळे गुण तिकडे टाकले. यादी फळ्यावर लागली. लेखीत बेताची, पण प्रात्यक्षिकात हुशार अशी एक मुलगी तिसरी यायची ती सहावी आली. शिष्यवृत्त्या पाचच होत्या. तिचे वडील कागद घेऊन घरी आले आणि मला, गणिताच्या मास्तराला, बोटांवर बेरीज करून दाखवली. यादी दुसऱ्या दिवशी बदलली, पण इतकी मान खाली कधी गेली नव्हती.

स्क्रिप्टच्या डोक्यावर 'यूज स्ट्रिक्ट' असते तर आधी जाहीर न केलेल्या नावापाशी ती अडलीच असती. पुतण्या म्हणाला, "काका, एवढ्याशा स्क्रिप्टला कोण लावतं ते?" मला नेमके उलटे वाटते. मोठा प्रोग्राम चार जण तपासतात. छोट्या स्क्रिप्टला लिहिणाऱ्याखेरीज कोणी वाली नसतो.

खरे तर ही शिस्त भाषेनेच मुळात लावावी. पण लॅरी वॉल यांची ही भाषा १९८७ सालची. सक्ती केली तर कितीतरी जुन्या स्क्रिप्ट बंद पडतील, हेही खरे. म्हणून मधला मार्ग निघाला. वर पर्लची आवृत्ती लिहायची. २०१० च्या ५.१२ पासून त्या एका ओळीने स्ट्रिक्ट लागू होते, २०२२ च्या ५.३६ पासून वॉर्निंग्जही. मी ५.३६ लिहितो आणि खाली 'यूज यूटीएफ८'. ही दुसरी ओळ नसेल तर स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या 'कमल'ची लांबी पर्ल तीनऐवजी नऊ सांगते, कारण देवनागरीतले एकेक अक्षर तीन बाइट घेते!

या दोन ओळींची एक कोरी फाइल मी करून ठेवली आहे. प्रत्येक स्क्रिप्ट तिच्यावरूनच सुरू होते, शाळेत शुद्धलेखनाआधी समास आखून घ्यायचो तशी. पुतण्या हसतो. परवा त्याच्या बारा ओळींच्या स्क्रिप्टवर मी त्या घालून पाहिल्या, तर दोन चुका निघाल्या.