नाजूक कामाला सुईचे टोक नको

घाटंजी तालुक्यातील एका वाचकबंधूंनी विचारले आहे की, झटका मशीनच्या प्लेटवरची एक तार सुटली, ती सोल्डर करण्यासाठी दुकानातून मुद्दाम सुईसारखे बारीक टोक आणले. तरी कथिल धरेना. जरा वेळ दाबून धरले, तर प्लेटवरचा तांब्याचा पट्टाच उचलून आला. काम नाजूक म्हणून टोकही नाजूक घेतले, मग बिघडले कोठे?

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. रोही आणि रानडुकरे यांच्यापायी आपल्याकडे धुऱ्यावर झटक्याची तार ओढावी लागते. फवारणीचा पंपही आता बॅटरीवर चालतो. ही यंत्रे ऐन हंगामात बंद पडतात आणि दुरुस्ती होईपर्यंत घरच्या माणसाला रात्रभर जागलीला बसावे लागते. पुष्कळदा बिघाड असतो एका सुटलेल्या तारेचा. तेवढे घरच्या घरी जमले तर तालुक्याची खेप वाचते. न जमले तर मात्र दहा रुपयांच्या कामात सगळी प्लेट जाते.

टोक कथिल वितळवते, असे आपण समजतो. खरे म्हणजे टोकाने तार आणि प्लेटवरचा तांब्याचा ठिपका ही दोन्ही तापवायची असतात. ती पुरेशी तापली की कथिल आपोआप त्यांच्यावर पसरते. सुईचे टोक ठिपक्याला एकाच बिंदूवर टेकते. शिवाय ते लांब व बारीक असल्याने मागची उष्णता पुढे येतच नाही. विहिरीला पाणी भरपूर असले तरी अर्ध्या इंची नळीने पऱ्हाटीचे वावर भिजत नाही, तसेच हे. मग माणूस टोक जास्त वेळ दाबून धरतो किंवा उष्णता वाढवतो. तांब्याचा पट्टा प्लेटला नुसता चिकटवलेला असतो आणि तो साधारण ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तिसाव्या हिश्श्याएवढा पातळ असतो. चिकटवण सुटली की पट्टा वर येणारच.

म्हणून टोक चपटे घ्यावे, छिन्नीच्या धारेसारखे, आणि त्याची रुंदी ठिपक्याएवढी किंवा किंचित कमी असावी. झटका मशीन, पंपाचा चार्जर, मोटारचा ऑटो स्टार्टर यांत पाय भोकातून घातलेल्या सुट्या भागांना १.६ मिलिमीटरचे टोक बहुतेक ठिकाणी पुरते. बॅटरीच्या जाड तारेला २.४ मिलिमीटरचे बरे. उष्णता कमी-जास्त करता येणाऱ्या सोल्डरिंग स्टेशनच्या टोकांवर १.६ डी, २.४ डी असे लिहिलेले असते. आकडा रुंदीचा आणि डी हे अक्षर चपट्या आकाराचे. बी लिहिलेले टोक शंकूसारखे असते. दुकानदार तेच पुढे करतो, कारण दिसायला ते फार बारकाईचे वाटते! मोबाईलच्या प्लेटवरचे अगदी जवळजवळचे पाय असतील तरच सुई विचारात घ्यावी, आणि तेथेही सरावलेले कारागीर बहुधा चाकूसारखे किंवा तिरपे कापलेले टोक वापरतात.

साठ-चाळीसचे कथिल-शिसे १८३ अंशांना वितळू लागते. टोक ३२० ते ३५० अंशांवर ठेवले की दोन-तीन सेकंदांत जोड होतो. बिनशिशाचे कथिल २१७ अंशांच्या पुढे वितळते, नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. घरी साधे २५ वॅटचे आयर्न असेल तर विजेचा दाब पाहावा. २३० ऐवजी १७० व्होल्टच येत असतील, तर ते आयर्न जेमतेम १४ वॅटचे काम करते. अशा वेळी टोकाला दोष देण्यात अर्थ नाही.

जुने टोक नुसत्या तांब्याचे असे. कथिल तांबे खाते, त्याला खड्डे पडत, मग कानशीने घासून चालत असे. आताच्या चांगल्या टोकावर लोखंडाचा मुलामा असतो. त्याला कानस लावली की मुलामा गेला आणि टोक काही दिवसांत संपले. कोणते टोक आहे ते कळत नसेल तर लोहचुंबक लावून पाहा, मुलाम्याचे टोक चिकटते. पुसायला पिळून काढलेला ओला स्पंज घ्यावा. काम संपल्यावर टोक पुसून कोरडे ठेवू नये. त्यावर कथिलाचा थेंब घेऊनच आयर्न बंद करावे, म्हणजे ते काळे पडत नाही.

आता जिवाच्या गोष्टी. झटका मशीनमधला कॅपॅसिटर बॅटरी काढल्यावरही भरलेला राहू शकतो. जाणत्या माणसाने रेझिस्टन्समधून तो उतरवल्याशिवाय प्लेटला हात लावू नये. लिथियम बॅटरीच्या सेलला थेट आयर्न टेकवू नये. आणि फवारणीचा पंप उघडण्यापूर्वी हातमोजे घालून तो बाहेरून साबणाने धुवावा, कोरडा करावा. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेच औषध प्लेटवर वाळलेले असेल आणि आपण त्यावर तापलेले टोक ठेवून वाकून पाहत असलो, तर धूर थेट नाकात जातो. काम उघड्यावर करावे, मुलांना दूर ठेवावे. कथिलात शिसे असते, म्हणून जेवणापूर्वी हात चांगले धुवावेत.

राहिला घाटंजीच्या बंधूंचा उचललेला पट्टा. तो दाबून पुन्हा चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. सैल तुकडा ब्लेडने कापून टाका. त्याच पट्ट्याचा पुढचा शाबूत भाग शोधून त्यावरचा हिरवा लेप अर्धा सेंटिमीटर हलकेच खरवडा, तांबे दिसले की राळ लावून कथिलाचा पातळ हात द्या. मग त्या जागेपासून सुटलेल्या तारेपर्यंत वेष्टनाची बारीक तार १.६ च्या टोकाने जोडा. बॅटरी लावण्यापूर्वी शेजारच्या पट्ट्याला ती कोठे टेकत नाही ना, हे उजेडात पाहून घ्या.